पाऊस सगळीकडेच पडतो

दार लावून घ्या आणि बसा. हजेरी नंतर घेईन. टेबलावर तुमची एकतीस जर्नलं आहेत, ती जाताना उचला. एकावरही मी सही केलेली नाही. काल रात्री साडेबारापर्यंत वाचत बसले होते. पहिली चार वाचली तेव्हा राग आला. दहावं वाचेपर्यंत रागाची जागा दुःखानं घेतली. एकतिसावं मिटलं तेव्हा ठरवलं, उद्याचा धडा बाजूला ठेवायचा आणि या पोरांशी सरळ बोलायचं.

'घळींची कारणे' या मथळ्याखाली तुम्हा सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच आहे: 'अतिवृष्टी व वृक्षतोड यांमुळे जमिनीची धूप होऊन घळी निर्माण होतात.' एकाचं पाहून दुसऱ्यानं उतरवलं, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. त्याचा राग आहेच. पण खरा राग वेगळा आहे. एसटीनं दोन तास जाऊन, श्रावणातल्या उन्हात सहा तास प्रवरेच्या काठावर फिरून तुम्ही जे लिहिलंत, ते घरी पंख्याखाली बसूनही लिहिता आलं असतं. त्या वाक्यात प्रवरा कुठे आहे? तिथली माती कुठे आहे? तेच वाक्य उचलून कुठल्याही नदीला लावा, बसेल. जे वाक्य कुठेही बसतं ते कुठलंच नसतं.

अतिवृष्टी म्हणता ना? मग नकाशा उघडा. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते. शेजारच्या घाटघरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस होतो. नदी भंडारदऱ्याला येते, रंध्याला कोसळते, अकोल्यावरून संगमनेरला पोचते, तोवर पाऊस उतरत उतरत पाचशेच्या आसपास आलेला असतो. दहावा हिस्सा. आता सांगा, दोन-तीन पुरुष खोल घळींचं रान कुठे आहे? घाटघरला? रतनवाडीला? ते आहे संगमनेरच्या आसपास, आढळा आणि म्हाळुंगीच्या काठांवर, आणि तिथून खाली नेवाशाकडे ठिकठिकाणी. जिथे पाऊस दहापट तिथे घळींचं रान नाही, आणि जिथे माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात तिथे जमीन उभी चिरलेली आहे. ही एवढी मोठी गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर होती. एकालाही प्रश्न पडला नाही की असं उलटं का?

पाऊस लागतो, हे मला मान्य आहे. पाण्यावाचून घळ पडत नाही. दुष्काळी भागात चार महिने उघडी, तापलेली, गवत नसलेली जमीन एका वळवाच्या सरीत किती सोसते तेही मी तुम्हाला शिकवलंय. पण पाऊस सगळीकडेच पडतो. तो कुठे नुसता वाहून जाईल, कुठे मुरेल आणि कुठे जमीन फाडेल, हे खाली काय आहे त्यावर ठरतं. आणि खाली काय आहे हे पाहायलाच तुम्हाला मी तिथे नेलं होतं.

अकोल्याच्या वर काय आहे? काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आडवे थर, एकावर एक रचलेले. त्यावर माती कुठे वीतभर, कुठे हातभर. पाणी कितीही आलं तरी माती धुऊन नेतं आणि खडकाला लागून थांबतं. तिथे ओहोळ होतात, दगडगोट्यांचे, उथळ, उताराच्या दिशेनं सरळ धावणारे. त्यांना खाली जायला जागाच नाही.

संगमनेरला आलात की चित्र पालटतं. तिथे नदीनं आणून टाकलेला गाळ आहे, काही ठिकाणी दहा-वीस मीटर आणि त्याहून जाड. गेल्या हिमयुगाच्या कोरड्या काळात पावसाळा दुबळा होता, नद्यांच्या अंगात गाळ पुढे वाहून न्यायची ताकद नव्हती, म्हणून त्यांनी तो जागीच टाकला. पुढे पावसाळ्यानं जोर धरला आणि नदी आपल्याच गाळात खाली खाली चिरत गेली. नदीचं पात्र खाली गेलं की तिला मिळणारा प्रत्येक ओढा, प्रत्येक ओघळ तितकाच खाली उतरायला बघतो. तो खालून वर चिरत येतो, शेताच्या दिशेनं. म्हणून घळीचं डोकं नदीपासून दूर सरकत जातं आणि बांधापर्यंत पोचतं. तुमच्यापैकी सतरा जणांनी आकृतीत बाण वरून खाली काढलेत, जणू घळ शेतात सुरू होऊन नदीकडे निघाली आहे. पाणी वरून खाली येतं. घळ खालून वर जाते. एवढंसुद्धा कडेला उभं राहून दिसलं नाही?

आता त्या गाळाकडे या. तो चिमटीत धरून पाहा, असं मी तीनदा सांगितलं होतं. किती जणांनी बोटं मळवली? जर्नलात 'पोत: बारीक' असं लिहून मोकळे झालात. बारीक म्हणजे काय? वाळूचा कण जड असतो, त्याला उचलायला पाण्याला जोर लावावा लागतो. चिकणमातीचा कण अतिशय बारीक, पण शेजाऱ्याला चिकटून असतो, म्हणून सुटायला वेळ लागतो. या दोघांच्या मधला जो पोयट्याचा कण आहे, 0.002 ते 0.05 मिलिमीटरचा, त्याला धड वजन नाही आणि धड चिकटपणाही नाही. पाण्याला तो सगळ्यात सोपा. प्रवरेच्या काठाला हाच कण भरपूर आहे. आणि त्याची दुसरी खोड अशी की कोरडा असताना तो भिंतीसारखा उभा राहतो. त्या ताठ कडा पाहून तुम्ही लिहिलंत, 'माती घट्ट व कठीण आहे.' मे महिन्यात हात लावला तर घट्टच वाटेल. जूनच्या दुसऱ्या सरीनंतर तिथे उभे राहा म्हणजे कळेल.

घळीचा आडवा छेद काढायला सांगितला होता, तो सगळ्यांनी इंग्रजी व्ही अक्षरासारखा काढलाय, कारण पुस्तकात तसा आहे. तिथे तो यू सारखा होता. ताठ भिंती आणि सपाट तळ. वरची माती आणि खालची माती सारखीच ठिसूळ असली की असा आकार येतो. खालचा थर टणक असेल तर पाणी तळाशी अडतं, बाजू तिरप्या होतात आणि व्ही दिसतो. म्हणजे आकार पाहूनच खाली काय दडलंय याचा अंदाज बांधता येतो. तुम्ही डोळ्यांनी यू पाहिलात आणि हातानं व्ही काढलात. डोळ्यांपेक्षा छापील पानावर जास्त विश्वास ठेवणारा माणूस भूगोल शिकून काय करणार आहे?

पांढऱ्या खड्यांबद्दल बोलते. दोघींनी निरीक्षणात लिहिलंय, 'भिंतीत पांढरे खडे दिसले.' एवढंच. पुढची ओळ रिकामी. मुलींनो, त्या पूर्ण सहलीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही दोघींनीच पाहिलीत आणि तिथेच सोडून दिलीत. ते चुनखडीचे खडे. त्यावर आम्लाचा थेंब टाकला असतात तर फसफसला असता, पिशवीत बाटली दिली होती. आता ऐका ते तिथे का आहेत. बसाल्ट झिजतो तेव्हा त्यातून कॅल्शियम सुटतं आणि सोडियमही सुटतं. भरपूर पाऊस असेल तर दोन्ही वाहून जातात. पाऊस कमी असेल तर कॅल्शियम मातीतच चुनखडी होऊन बसतं. कॅल्शियम खड्यांत अडकलं की चिकणमातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. कॅल्शियम कणांना एकमेकांशी बांधून ठेवतं. सोडियम त्यांना सैल सोडतं. अशी माती ओली झाली की तिचे कण एकमेकांपासून सुटून पाण्यात तरंगायला लागतात. आपल्याकडचे शेतकरी तिला चोपण म्हणतात. पाण्यात फुगते, वाळली की दगड होते, वरून पाणी घेत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा तुम्ही नकाशात रंगवलाय, अकोला, अमरावती, बुलढाण्याचा. तिथे मातीतल्या क्षारांची हीच भानगड आहे, जास्त मोठ्या प्रमाणावर. तेव्हा भिंतीतला पांढरा खडा दिसला की आजूबाजूच्या मातीवर संशय घ्यायचा असतो. तो खडा तिथे साक्षीदार म्हणून बसलेला होता आणि तुम्ही त्याचा जबाबच घेतला नाहीत.

मी सांगितलेली चाचणी एकानंही केली नाही. एकानंही! तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. घळीच्या भिंतीतून हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ घ्यायचं. काचेच्या ग्लासात पावसाचं स्वच्छ पाणी घ्यायचं. ढेकूळ अलगद सोडायचं आणि हात बाजूला. ढवळायचं नाही. काही ढेकळांतून बुडबुडे येतात, ती फुटतात, तळाशी त्यांचा ढीग होतो, पण वरचं पाणी निवळ राहतं. ती माती विरघळते म्हणू नका, ती नुसती मोडली आहे. काही ढेकळांभोवती मात्र दहा-पंधरा मिनिटांत दुधासारखं धुकं पसरायला लागतं आणि तासाभरात ग्लास गढूळ होतो. ते धुकं म्हणजे सुटलेले कण. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा ते खाली बसत नाहीत. 1967 साली एमर्सन नावाच्या ऑस्ट्रेलियन मृदाशास्त्रज्ञानं ही साधी पद्धत व्यवस्थित मांडली आणि आज जगभर धरणं बांधणारे अभियंतेसुद्धा ती वापरतात. आणि पावसाचंच पाणी का, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. विहिरीच्या खारट पाण्यात तेच ढेकूळ टाकलं तर क्षारांमुळे कण एकत्र राहतात, ग्लास निवळ दिसतो आणि तुम्ही माती चांगली म्हणून लिहून मोकळे होता. मग पाऊस येतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात.

एकानं चाचणीच्या रकान्यात 'निष्कर्ष: माती स्थिर' असं लिहिलंय. त्याचं नाव मी वर्गात घेणार नाही, त्याला ठाऊक आहे. न केलेल्या चाचणीचा निष्कर्ष लिहिणं याला चूक म्हणत नाहीत. उद्या तू कृषी खात्यात लागशील, एखाद्या बंधाऱ्याच्या जागेवर सही करशील, आणि हाच शब्द लिहिशील. त्या शब्दावर सिमेंट ओतलं जाईल. त्या बंधाऱ्याखाली कुणाचं तरी घर असेल. तास संपल्यावर मला भेट.

आता ज्या गोष्टीनं मला काल झोप लागली नाही, ती. काठावरच्या वस्तीवर एका आजींनी आपल्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं, चहा केला. तुम्ही फोटो काढत होतात तेव्हा त्या माझ्याशी आणि पुढे बसलेल्या सहा-सात जणांशी बोलत होत्या. त्या काय म्हणाल्या? 'आधी वावरात भोक पडतं. पाणी त्यात जातं आन् कुठं जातं कळत नाही. मग दोन-तीन पावसाळ्यांनी वरचं खाली बसतं.' त्यांनी ते भोक दाखवलंही, बाभळीच्या पलीकडचं, वर काट्या टाकून झाकलेलं, शेळी पडू नये म्हणून.

पोरांनो, त्या बाई तुम्हाला अंतर्गत धूप शिकवत होत्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, मीटरभर खोल. पहिल्या पावसाचं पाणी पृष्ठभागावरून वाहण्याआधी त्या भेगांत शिरतं. खाली सैल कणांची माती असेल आणि जवळ घळीची उघडी भिंत असेल, तर पाणी आतल्या आत वाट काढतं आणि भिंतीतून बाहेर पडतं. येताना कण घेऊन येतं. वाट रुंद होते, बीळ होतं, भुयार होतं. वरचं शेत तसंच दिसतं, त्यावर बाजरी उभी असते. मग एक दिवस छत बसतं आणि रात्रीत घळ दहा फूट पुढे आलेली असते. गावात म्हणतात जमीन खचली. पंचनाम्यात लिहितात अतिवृष्टीनं खचली. ती तर तीन वर्षांपासून आतून पोखरली जात होती.

आजींनी हे तीन वाक्यांत सांगितलं. आणि तुम्ही निष्कर्षात काय लिहिलंत? 'स्थानिक लोकांमध्ये जनजागृतीचा अभाव दिसून येतो.' बावीस जर्नलांत हे वाक्य आहे. ज्यांच्या घरचा चहा प्यायलात, ज्यांनी आयुष्यभर पाहिलेलं ज्ञान तुमच्या ओंजळीत टाकलं, त्यांनाच अडाणी ठरवून आलात. या वाक्याची मला लाज वाटली. शिक्षक म्हणून वाटली, कारण हे वाक्य लिहायला तुम्हाला कुणीतरी शिकवलं असणार, आणि ते थांबवायला मी कमी पडले. आज ते खोडायचं. पेननं, माझ्यासमोर.

नकाशांविषयी थोडक्यात सांगते. उपग्रहाच्या चित्रावरून काढलेले लाल-पिवळे-हिरवे नकाशे जोडलेत, त्याखाली मृदाहानीचं ते प्रसिद्ध समीकरण. दिसायला सुंदर आहेत. पण त्या चित्रातला एक चौकोन तीस मीटरचा. आपण ज्या घळीत उतरलो ती चार-पाच मीटर रुंद. तुमच्या नकाशात ती मावतच नाही. आणि ते समीकरण पृष्ठभागावरून जाणारी पातळ धूप आणि बारीक चऱ्या मोजतं, घळी मोजतच नाही. ज्यांनी ते तयार केलं त्यांनीच ही मर्यादा घालून दिलेली आहे. शिवाय 533 कोटी टन हा आकडा पुष्कळांनी मांडलाय. तो 1983 साली ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी साऱ्या देशासाठी काढलेला वार्षिक अंदाज, हेक्टरी सरासरी 16.4 टन. देशाची सरासरी संगमनेरच्या एका ओढ्याला चिकटवून काय सिद्ध होतं? आकडा लिहिला की अभ्यास झाला, ही सवय आत्ताच मोडा.

उपायांवर आले. 'वृक्षारोपण करावे.' सगळ्यांनी. कुठे करावं? कुठलं झाड? मुळं किती खोल जाणार? भिंत पंधरा मीटरची आणि पाणी बारा मीटर खालून पाझरत असेल, तर वर लावलेलं झाड भिंतीसकट खाली येतं. नायजेरियाच्या आग्नेय भागात अगुलू-नांका नावाचा घळींचा प्रदेश आहे. तिथली वाळू इतकी सैल की हातात घेतली तर निसटते, कारण तिला बांधायला चिकणमातीच पुरेशी नाही. वाळूच्या तळातून भूजल पाझरतं आणि भिंतीचा पायाच काढून घेतं. तिथे वर्षानुवर्षं झाडं लावली. घळी वाढतच राहिल्या. आपल्याकडे सैल करणारं सोडियम, तिकडे बांधणाऱ्या मातीचाच तुटवडा. जखम बाहेरून सारखी दिसते, आजार वेगळा. तुम्ही दोघांनाही एकच गोळी लिहून देताय. झाडांना माझा विरोध नाही. पाणलोटाच्या वरच्या अंगाला गवत आणि झाड हवंच, तिथे ते पाण्याचा वेग मोडतं. पण घळीच्या काठावर नुसतं खड्डे खणून रोपं लावणं म्हणजे पाण्याला आत शिरायला आयती दारं करून देणं.

चंबळचं उदाहरण चौघांनी घेतलंय आणि चौघांनी डाकूंवर पानभर लिहिलंय. डाकू हा आपला विषय नाही. चंबळ हा मात्र या विषयाचा सगळ्यात चांगला धडा आहे आणि तो तुम्ही वाया घालवलात. ती नदी महूजवळ जानापाव डोंगरात उगम पावते, आपल्यासारख्याच बसाल्टवर. माळव्यातून पुढे विंध्याच्या वालुकाश्मात शिरते आणि तिथे खोल दरी कोरते, दोन्ही बाजूंना कातळाचे कडे. कोट्याच्या पुढे ती गाळाच्या मैदानात उतरते आणि तिथून मुरैना, भिंड, इटाव्यापर्यंत मैलोन्‌मैल बीहड आहे. नदी एक, पाणी एक, पावसाळा जवळजवळ एक. खडक बदलला आणि तिचं वागणं बदललं. घळींच्या अभ्यासासाठी केंद्रं काढायची वेळ आली तेव्हा ती कोट्याला, आग्र्याला आणि गुजरातेत महीकाठी वासदला काढली, म्हणजे जिथे गाळ आहे तिथे. आपल्याकडे तापीचं तसंच. जळगाव जिल्ह्यात तापीच्या दोन्ही काठांना घळींनी फाटलेले पट्टे आहेत, तेही जाड गाळाचेच. सातपुड्याच्या कातळावर तसले पट्टे सापडत नाहीत.

आता जरा माझं ऐका, कारण हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या मामांचं शेत असंच नदीकाठी होतं. मी आठवीत असताना घळीचं डोकं त्यांच्या बांधापासून शंभर पावलांवर होतं. सरकारी योजनेतून घळीत दगडी बांध घालून दिला. बांध चांगला होता, भक्कम होता, काम करणारी माणसं प्रामाणिक होती. पण कुणी माती पाण्यात टाकून पाहिली नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात बांधामागे तुंबलेल्या पाण्यानं बाजूच्या मातीत बीळ पाडलं आणि बांधाला वळसा घालून वाट काढली. दगड जागच्या जागी उभे राहिले, घळ शेजारून गेली. पुढच्या दोन वर्षांत तिनं विहीर घेतली. आजोबांनी खणलेली, आत बांधकाम केलेली विहीर. मामी रात्री आवाज ऐकून उठल्या तेव्हा रहाटाचं लाकूड तेवढं वर होतं. मामा पुढे ऊसतोडीला जायला लागले. म्हणून, पोरांनो, 'दगडी बांध घालावा' हे वाक्य तुम्ही जेव्हा सहज लिहिता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती विहीर येते. दगडी बांध मुरमाड माळावर उत्तम काम करतो, तिथे खाली टेकायला खडक असतो, आणि बाजूची माती सुटत नाही. चोपण गाळात तोच बांध घालायचा तर आधी घळीच्या डोक्यावर येणारं पाणी वळवावं लागतं, भिंतींना उतार द्यावा लागतो, बांधाच्या बाजू मातीत खोल घुसवाव्या लागतात, जिप्सम मिसळून मातीला कॅल्शियम परत द्यावं लागतं. हे सगळं महाग आहे. म्हणूनच आधी माती ओळखायची असते.

नाला खोलीकरणाबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि ते तर आपण ज्या पुलावर उभं राहून डबे खाल्ले त्याच्या खालीच झालेलं होतं. पोकलेननं पात्र दोन मीटर खाली नेलेलं. कडेला मातीचे ढीग. मी मघाशी काय म्हणाले? नदी खाली गेली की तिला मिळणारा प्रत्येक ओघळ खाली उतरायला बघतो. हजारो वर्षांत जे नदीनं केलं ते आपण आठवड्यात यंत्रानं केलं. खाली टणक खडक असेल तर पाणी साठतं, गावाला चार महिने जास्त मिळतात, त्यात वाईट काही नाही. पण गाळाच्या पट्ट्यात, पात्रात आडवा खडक किंवा चुनखडीचा टणक थर पायरीसारखा नाला धरून बसलेला असतो, आणि तोच फोडला, तर वरच्या प्रत्येक ओघळाला नवीन घळीची सुरुवात करून दिल्यासारखं होतं. त्या पुलाच्या वरच्या अंगाला डावीकडून येणाऱ्या ओघळाचं तोंड ताजं कोसळलेलं होतं. ओली माती, लोंबणारी मुळं. मी बोट दाखवून विचारलं होतं, 'हे काय?' तुमच्यातला एक म्हणाला, 'मॅडम, दरड.' आणि सगळे डबा धुवायला गेलात.

दरड हा शब्दही जपून वापरा. माळीण आणि तळिये घळींच्या यादीत घातलेत तिघांनी. 30 जुलै 2014 आणि 22 जुलै 2021 या तारखा बरोबर आहेत, विषय चूक आहे. तिथे डोंगराचा उतार पाण्यानं जड होऊन एकाच वेळी खाली आला. घळ वर्षानुवर्षं सरकत येते आणि तिला थांबवायला वेळ मिळतो. इतकी माणसं गेलेल्या घटना निष्काळजीपणे यादीत भरू नका.

आणखी एक चूक, कारण ती अकोले तालुक्यातल्या मुलांनीच केलीय. 'आमच्याकडे घळी उथळ असल्याने धोका कमी.' बाळांनो, तुमच्या उतारावर माती आहेच वीतभर. अर्ध्या हाताचा ओहोळ पडला की खाली मुरूम उघडा पडतो, आणि मुरमावर नागली येत नाही. वीतभर माती तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. संगमनेरचा शेतकरी घळीमुळे शेताचा तुकडा गमावतो. तुमच्या घरचं सगळं शेत एका पिढीत माळ होऊ शकतं. धोका घळीच्या खोलीवर मोजत नाहीत, मागे काय शिल्लक राहिलं त्यावर मोजतात. दोन लाव्हा थरांच्या मध्ये लाल गेरूचा मऊ पट्टा असतो, त्याच्यावरून पाणी पाझरतं आणि वरच्या थराचा आधार सैल होतो, तुमच्या गावच्या डोंगराला तो लाल पट्टा लांबून दिसतो. तो कुणी काढला आकृतीत? कुणी नाही. रोज शाळेला जाताना पाहिलेला डोंगर.

आता पुढचं. रविवारी सकाळी सव्वासहाच्या एसटीनं आपण परत जातोय. कॉलेज खर्च देणार नाही, तिकिटं मी काढीन. ज्यांना यायचं नाही त्यांनी आत्ताच सांगा, जबरदस्ती नाही, पण त्यांच्या जर्नलावर माझी सही होणार नाही. प्रत्येकानं काचेचे दोन ग्लास आणायचे. गच्चीवर घमेली ठेवा, शुक्रवार-शनिवारी एखादी सर नक्की येईल, त्यातलं पाणी गाळून बाटलीत भरा. नळाचं चालणार नाही. सोबत मोजपट्टी, आम्लाची बाटली, जुनी चादर. ढेकूळ घळीच्या भिंतीत तीन ठिकाणांहून घ्यायचं, वरून, मधून आणि तळातून, आणि प्रत्येकाचं धुकं दहा मिनिटांनी, दोन तासांनी पाहून लिहायचं. दोन तास ग्लासाजवळ गप्प बसून राहता येत नसेल तर आत्ताच विषय बदला.

आजींच्या घरी आधी जायचं. त्या भोकाची जागा त्यांनाच विचारायची, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते कधीपासून आहे तेही विचारायचं आणि त्या सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहायचं. साखर आणि चहापत्ती आपण न्यायची. पहिल्या बाकावरून सुरू करा, कोण काय आणणार ते सांगत चला, मी लिहून घेते.